कंबरेचा घेर आणि घरचे ताट

(ठाणे येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मला कळविण्यात आला तेव्हा तो काहीसा धीट वाटला. पोट सपाट आणि पिळदार व्हावे यासाठी काय खावे, हा प्रश्न आजवर तालमीतल्या वस्तादाला किंवा वैद्याला विचारला जात असे. माहिती खात्यातील माणसाला तो कोणी विचारीत नसे. मी वैद्य नाही आणि आहारशास्त्राचा पंडितही नाही. मी कलाशाखेचा पदवीधर आहे आणि शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले निष्कर्ष वाचून ते आपल्या भाषेत लोकांपुढे ठेवणे हे माझे काम आहे. तेवढेच आज करावयाचे आहे. मात्र ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या ताटाशी ज्या ठिकाणी या शास्त्राचा संबंध पोहोचतो, त्या ठिकाणी मी थोडा रेंगाळणार आहे.

विषय तरुणांच्या हौसेचा वाटतो, परंतु तो केवळ हौसेचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुरस्कृत केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे आणि प्रौढांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी असल्याचे त्या पाहणीत आढळले. या दोन आकड्यांचे एकमेकांशी जवळचे नाते आहे. तेव्हा आरशासमोर उभा राहून पोट आत ओढणारा विशीतला तरुण आणि रक्तातील साखरेचा अहवाल हाती घेऊन बसलेला त्याचा पंचेचाळीस वर्षांचा पिता हे दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

प्रथम मापाविषयी. शिवणकामाची टेप बहुतेक घरी असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, कपडा बाजूस करून, श्वास सहज सोडून ती पोटाभोवती गुंडाळावी. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. इंचांत सांगावयाचे तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. युरोपीय पुरुषासाठी हीच मर्यादा ९४ सेंटिमीटर धरली जाते. आपल्याला चार सेंटिमीटर कमी का दिले, त्याचे कारण पुढे येईल. पँटचा नंबर हे माप धरू नये. पोट सुटलेला गृहस्थ पट्टा पोटाच्या खाली बांधू लागतो आणि वीस वर्षे आपला नंबर तोच असल्याचे समाधान बाळगतो.

स्नायू सर्वांना आहेत

पोटावरील ज्या चौकोनी उंचवट्यांना आजची मुले सिक्स पॅक म्हणतात, त्यांचा मूळ स्नायू प्रत्येक मनुष्याला जन्मतःच मिळालेला असतो. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभ्या जाणाऱ्या या स्नायूला आडव्या कंडरांनी विभागलेले असते आणि त्यामुळे ते उंचवटे तयार होतात. आपल्या पोटावर ते दिसत नाहीत, कारण त्यावर चरबीचा थर असतो. हा थर पोटाचा व्यायाम करून पोटापुरता वितळवता येईल, अशी समजूत फार पसरलेली आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंच्या दोन्ही हातांची मापे घेण्यात आली. ज्या हाताने वर्षानुवर्षे रॅकेट चालविली, तो हात दुसऱ्यापेक्षा भरदार भरला. त्वचेखालील चरबीची जाडी मात्र दोन्ही हातांवर सारखीच निघाली. स्नायू ज्या जागी राबतो त्या जागी वाढतो, परंतु चरबी सबंध शरीराच्या खतावणीतून वजा होते. ती कोठून आधी जावी हे ठरविणे आपल्या हाती नसते. यास्तव रोज पाठीवर झोपून शंभर वेळा धड उचलणारा आणि रात्री दहा वाजता भरपेट भात खाणारा तरुण वर्षाअखेर जेथल्या तेथेच राहतो. स्नायू त्याने कमावलेला असतो, पण तो झाकलेलाच राहतो.

पोटाची चरबीही दोन प्रकारची आहे. चिमटीत येते ती त्वचेखालची. दुसरी आत, आतड्यांभोवती साठते. ही आतली चरबी यकृताकडे जाणाऱ्या रक्तात स्निग्ध आम्ले सोडीत राहते. त्यातून पुढे मधुमेह, यकृताची मेदवृद्धी आणि हृदयविकार यांचा मार्ग मोकळा होतो. दिलासा एवढाच की वजन थोडे उतरले तरी ही आतली चरबी त्या प्रमाणात अधिक हलते. आरशात फरक दिसण्याआधीच शरीराला लाभ पोहोचलेला असतो.

आता त्या चार सेंटिमीटरांकडे वळू. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी एकच, २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. आपल्याकडे माणूस दिसावयास सडपातळ असतो, हातपाय काटकुळे असतात आणि आत चरबी साठलेली असते. शास्त्रज्ञ याला कृश-मेदस्वी देह म्हणतात. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला. तेथील बाळांचे जन्मतः सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. कमी पडलेले वजन मुख्यत्वे स्नायूंचे व पोटातील अवयवांचे होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिली होती. मातेला पुरेसे व योग्य अन्न न मिळाल्यास बाळ जन्मापासूनच स्नायूंच्या बाबतीत तोट्यात असते, आणि पुढे शहरात जाऊन बैठे काम व भरपूर पिष्टमय अन्न त्याच्या वाट्याला आले की तोटा चरबीने भरून निघतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अंगणवाडीच्या वजनकाट्यावर उभे असलेले कमी वजनाचे मूल आणि डोंबिवलीच्या फलाटावरील पोट सुटलेला कारकून यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नाही, हे पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे.

ताट तेच राहिले, काम गेले

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा हा पट्टा पूर्वी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. पुढच्या पिढ्यांचे जीवन त्या रुळांनी बदलून टाकले. पावसात कमरेएवढे वाकून दिवसभर लावणी करणाऱ्या माणसाला ताटभर भात लागत असे आणि तो पचतही असे. आज खाचरांवर इमारती उभ्या आहेत. त्याच घरातील मुलगा गाडी चालवितो, दुकान सांभाळतो किंवा संगणकापुढे बसतो. ताटातील भाताचा ढीग मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला आहे. तालमीतल्या खुराकाचेही तसेच झाले. दूध, तूप, बदाम आणि थंडाई ही हजार जोर-बैठका काढणाऱ्याची मिळकत होती. जोर-बैठका सुटल्या, खुराक तेवढा सणासुदीला राहिला.

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. तेथे रोज जाणाऱ्या नोकरदाराचा दिवस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पहाटे चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे, दुपारी डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, मध्ये दोन चहा, परतताना स्थानकाबाहेर वडापाव, आणि रात्री दहाच्या सुमारास भात, पातळ वरण व दोन पोळ्या. पोट भरले असे त्याला वाटते आणि ते खरेही असते. या दिवसभरातील प्रथिनांची बेरीज केली तर ती ४० ते ४५ ग्रॅमच्या आसपास येते, आणि त्यातली बरीचशी गहू-तांदळातून आलेली असतात. ६५ किलो वजनाच्या प्रौढाला परिषदेच्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने, सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. स्नायू कमावण्याचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम उपयोगी पडतात. त्याहून अधिक खाल्ल्याने स्नायू आणखी वाढतात असे आढळत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हा आकडा स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म या बेरजेत आहे. आपल्याकडे पोट कमी करावयाचे म्हटले की माणूस जेवण तोडतो. एक वेळचे जेवण सोडतो, एकादशीला जोडून आणखी दोन उपास धरतो. वजन उतरते, परंतु प्रथिने अपुरी असली व स्नायूंना काम नसले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. असा माणूस लहान होतो, घट्ट होत नाही. काही महिन्यांनी पूर्ववत जेवू लागला की चरबी परत येते आणि स्नायू येत नाहीत. खाणे कमी करण्याआधी खाण्याची रचना बदलावयास हवी.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटासाठी त्यात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे माप दिले आहे. ही वजने कच्च्या जिनसांची आहेत. धान्याची तीन मापे आणि डाळीचे एक, हे प्रमाण गृहिणींनी ध्यानात ठेवले तरी पुरे. गहू-तांदळात जे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. वरण-भात आणि उसळ-भाकरी या जोड्या आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेवाचून जमविल्या होत्या. बिघाड झाला तो प्रमाणात. वरण पातळ होत गेले आणि भात वाढत गेला.

घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. मूठभर फुटाण्यांत सहा-सात. फुटाण्यांची पुडी डोंबिवलीला उघडली तर कुर्ल्यापर्यंत पुरते आणि वडापावाची भूक लागू देत नाही. डब्यातील बटाट्याच्या जागी आठवड्यातून चार दिवस मटकी, चवळी, मूग किंवा वाटाण्याची उसळ आली, रात्रीच्या भाताचा ढीग निम्मा झाला आणि वरण घट्ट झाले, तर त्याच खर्चात ही बेरीज ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत जाते. मिसळीसाठी ठाणे प्रसिद्धच आहे. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचे नाव जिल्ह्याबाहेरही गेले आहे. मिसळीत दोष उसळीचा नाही, तर्रीवर तरंगणारे तेल आणि तिच्या आधाराने संपणारे पाव यांचा आहे. एक पाव कमी करून उसळ जास्त मागावी.

या जिल्ह्याची भूमी याबाबत गरीब नाही. भात काढल्यावर जमिनीच्या ओलीवर येणारा वाल हे ठाणे-रायगडचे खास पीक आहे. रात्री भिजवून, मोड आणून, सोलून केलेले वालाचे बिरडे ठाणे-कल्याणच्या जुन्या घरांत आजही मानाचे आहे. वालाच्या दाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. सोलण्याचा कंटाळा हाच त्याचा शत्रू आहे, आणि तो घरातील पुरुषांनी वाटून घेतल्यास कमी होतो असा अनुभव आहे. आगरी-कोळी घरांतील मासळीविषयी मी नव्याने काय सांगावे? ओल्या बोंबलात पाणीच फार असते, परंतु सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. सुकट, जवळा आणि बोंबील हे गरिबाच्या घरातील पावसाळ्याचे खरे कोठार आहे. सुकवताना मीठ लावलेले असेल तर ते धुऊन घ्यावे एवढेच. मासे तळण्यापेक्षा कालवणात घालणे बरे. जूनमध्ये शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी भगिनी कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात शेवळांच्या जुड्या आणि ती खाजू नयेत म्हणून सोबत लागणारी काकडे घेऊन बसतात. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी आणि करटोली येतात. पोट भरल्याचे समाधान देऊन उष्मांक फारसे न देणाऱ्या अशा भाज्या ताटाचा निम्मा भाग व्यापतील तर भाताला आपोआप जागा कमी पडेल.

नाचणीविषयी मात्र थोडे सावध बोलले पाहिजे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले तेव्हापासून नाचणीचा गौरव फार झाला. तो रास्तही आहे, कारण तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीत ती खतापाण्याच्या फारशा लाडाविना येते. तथापि तिच्यात प्रथिने सातच टक्के असतात. नाचणीची भाकरी उसळीबरोबर खावी, उसळीऐवजी नव्हे. आणि दुकानातील नाचणीच्या बिस्किटांत नाचणीहून मैदा आणि साखर अधिक नाही ना, हे वेष्टनावरील बारीक अक्षरांत वाचून पाहावे. साबुदाण्याच्या बाबतीत तर भ्रमच आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत जे काही सत्त्व असते ते दाण्याच्या कुटाचे.

तेल आणि साखर यांचा हिशेब लहान आहे, पण पोटावर तोच लवकर दिसतो. दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साडेतीन लिटर पुरावे. आपल्या घरी किती पिशव्या येतात ते किराण्याच्या यादीवरून पाहता येईल. बाहेर खाल्लेले तळण त्यात धरलेलेच नसते. कार्यालयात दिवसाला पाच कप चहा होतो. प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर ती ५० ग्रॅम होते, म्हणजे २०० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असे सुचविले आहे. शासकीय बैठकांतील चहा-बिस्किटांविषयी मी अधिक बोलणे औचित्याला धरून होणार नाही.

किलोभर चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. चहातील साखर निम्मी करून, वडापाव टाळून आणि रात्रीचा भात आवरून रोज ३०० उष्मांकांची तूट पडली तर हिशेबाने महिन्याला किलोभर वजन उतरावे. प्रत्यक्षात ते त्याहून थोडे कमी उतरते, कारण शरीरही काटकसर करू लागते. हा वेग तरुणांना मंद वाटतो. तथापि स्नायू राखून चरबी उतरविणारा वेग असाच असतो. जोडीला जोर, बैठका किंवा सूर्यनमस्कार यांसारखा स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस हवा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो शाळांच्या द्वारेच. त्याला ना यंत्र लागते ना वर्गणी.

डब्यातील पावडर

आता ज्या मुद्द्यावर पालक मला हमखास प्रश्न विचारतात त्याकडे येतो. कल्याण-डोंबिवलीत आज बहुतेक पेठांतून व्यायामशाळा आहेत आणि तरुण तेथे जातात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तेथे पाय ठेवताच त्यांच्या हाती पावडरचा मोठा डबा येतो. प्रथिनांची पावडर हे विष नाही. दुधापासून काढलेली ती प्रथिनेच असतात. ज्याला वेळ नाही वा अन्नातून प्रथिने पुरी पडत नाहीत, त्याच्या ती उपयोगी पडू शकते. अडचण भरवशाची आहे. भारतीय बाजारातील ३६ पावडरींची तपासणी करून काही संशोधकांनी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची होती आणि काहींत तर छापलेल्याच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीचे विष आढळले. ज्या पैशांत महिनाभराची अंडी, दही आणि कडधान्ये येतात, ते अशा डब्यात घालणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

डब्याच्या पुढची पायरी सुईची आहे, आणि ती खरोखर भयंकर आहे. स्नायू फुगविणारी संप्रेरके वैद्यकीय देखरेखीविना घेतल्याने हृदयाचे स्नायू जाड होतात, यकृत बिघडते, रक्तातील मेदांचा समतोल ढळतो आणि शरीराची स्वतःची संप्रेरके बनविण्याची शक्ती मंदावून वंध्यत्व येऊ शकते. तरुण या वाटेला लागतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढचे चित्रच खोटे असते. चित्रपटातील नायकाचे किंवा शरीरसौष्ठव स्पर्धेतील स्पर्धकाचे जे पोट दिसते ते बारमाही नसते. चित्रीकरणाच्या किंवा स्पर्धेच्या आधी काही दिवस अन्न, मीठ व पाणी यांत फेरफार करून ते त्या दिवसापुरते उठावदार केलेले असते, आणि ही तयारी स्वतःच धोक्याची असते. स्पर्धकांना स्वतःला हे ठाऊक असते. वर्गातील मुलांना ते कोणी सांगत नाही. माध्यमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा, असे मी सुचवीन.

स्त्रियांचा प्रश्न बहुधा शेवटी येतो, मलाही तो शेवटीच आठवला असे आपण म्हणू नये म्हणून येथेच सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच कंबर मोजण्यात आली आणि दर दहा स्त्रियांपैकी चौघींच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आढळली. घरातील अंडे मुलाला, मासळीचा मोठा तुकडा कर्त्या पुरुषाला, आणि उरलेला भात व आमटी तिला. पानात राहिलेले वाया जाऊ नये म्हणून तेही तीच संपविते. उष्मांक तिला मिळतात, प्रथिने मिळत नाहीत. डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रांनी नोकरदार स्त्रीचा ओट्यापुढचा वेळ वाचविला, ही मोठीच सोय झाली. तेथे पोळ्यांबरोबर भाजीऐवजी उसळ घेण्याची प्रथा रूढ झाली तर ती सोय पोषणाचीही होईल.

शाळा आणि पंचायत

शेवटी आपल्या हातात काय आहे ते पाहू. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गाच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे माप ठरलेले आहे. उष्मांकांचे माप भात शिजला की बऱ्याच अंशी भरते. प्रथिनांचे माप डाळ किती पडली आणि मोड आलेली कडधान्ये आली की नाही यावर अवलंबून असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने महिन्यातून एकदा पातेल्यात डाव घालून वर आलेली आमटी पाहिली तर त्याला कोणताही अहवाल वाचावा लागणार नाही. २०२३ च्या अखेरीस राज्यात शालेय आहारात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना फळ, देण्यास प्रारंभ झाला होता. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीची स्वतंत्र तरतूद थांबविण्यात आली आणि लोकसहभागातून ते देण्याची मुभा शाळांना ठेवण्यात आली. गावाला जत्रेसाठी, कबड्डीच्या सामन्यांसाठी वर्गणी जमविण्याची सवय आहे. सोळा किलोच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेतील निम्म्याच्या आसपास प्रथिने एका अंड्याने भागतात, हा आकडा ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावा.

आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि लहान मुलांना अंडी वा केळी देण्याची व्यवस्था करण्यात आली. पुण्याजवळच्या त्या बाळांविषयी मी जे सांगितले त्याच्या प्रकाशात या योजनेकडे पाहावे. शहापूरच्या एखाद्या पाड्यावर आज मातेच्या पानात पडलेली उसळ ही वीस-पंचवीस वर्षांनंतर कल्याणच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाच्या स्नायूंची तजवीज आहे. अंगणवाडी सेविका हे जाणून असतात. त्यांच्याकडे डाळ वेळेवर पोहोचली की नाही, एवढे विचारणे पंचायतीचे काम आहे.

आणखी एक गोष्ट नियमांतच आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार मेद, मीठ किंवा साखर अतिरिक्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. फाटकाबाहेरच्या विक्रेत्याला हुसकावून लावावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यालाही घर आहे. उकडलेले शेंगदाणे, चणे, काकडी, पेरू आणि उकडलेली अंडी यांची गाडी त्याच जागी चालू शकते. त्याचा प्रारंभ मुख्याध्यापकांनी त्याच्याशी बोलून करावा.

मी येताना शिवणकामाच्या दोन टेपा आणल्या आहेत. चहा बाहेर मांडला आहे आणि संयोजकांनी माझ्या विनंतीवरून साखर वेगळी ठेवली आहे. प्रश्न चहानंतर घेऊ. तोवर ज्यांना मोजून पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे. भगिनींसाठीची टेप शिक्षिकांच्या खोलीत आहे.